प्रशिक्षणाला ‘रिकामा माणूस’ पाठवू नका

प्रति,
मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत प्रशिक्षणाची वेळापत्रके ठरवणारे आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांची नावे पाठवणारे सर्व अधिकारी

विषय : प्रशिक्षणाला कोणाला पाठवता, कधी पाठवता आणि तिथे काय शिकवता याबाबत.

महोदय / महोदया,

मी महसूल खात्यात १९८८ साली लिपिक म्हणून लागलो. अव्वल कारकून, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार अशा पायऱ्या चढत ३१ मे २०२३ रोजी निवृत्त झालो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख सरसकट १ जून लावली, त्यांच्यातला मी एक. त्या दिवशी आमच्या कार्यालयात तिघांचा निरोप समारंभ एकदमच उरकला. शाल वेगवेगळ्या, भाषण एकच.

निवृत्तीची कागदपत्रे तयार होत असताना माझे सेवापुस्तक चाळले. पस्तीस वर्षांत प्रशिक्षणाच्या अकरा नोंदी. त्यातल्या आठ ज्या काळातल्या आहेत, तेव्हा माझ्याकडे आवक-जावकचे टेबल होते. म्हणजे मी चार दिवस नसलो तरी कोणाचे काही अडत नव्हते. पुढे जमिनीचे टेबल आले, मग मंडळ आले, आणि नोंदी जवळपास बंद झाल्या. ज्या वर्षांत मला शिकण्याची सगळ्यात जास्त गरज होती, त्या वर्षांत मला सोडायला कोणी तयार नव्हते.

हे कसे घडते ते आपल्याला ठाऊक आहे, तरी लिहितो. संध्याकाळी साडेपाचला ग्रुपवर पत्र पडते. उद्या सकाळी दहा वाजता दोन कर्मचारी पाठवावेत, अनुपस्थिती गांभीर्याने घेतली जाईल. साहेब दारातून आत डोकावतात आणि विचारतात, ‘‘कोण रिकामं आहे रे?’’ झाली निवड. हे मी दुसऱ्यांच्या तक्रारी म्हणून सांगत नाही. नायब तहसीलदार झाल्यावर हाच प्रश्न मीही विचारला आहे, आणि एकाच कारकुनाला लागोपाठ तीन प्रशिक्षणांना पाठवले आहे. आपत्ती व्यवस्थापन, माहितीचा अधिकार आणि ताणतणाव व्यवस्थापन. त्या गृहस्थाला आयुष्यात कसलाही ताण नव्हता, हे सगळे तहसील जाणून होते.

आणि चुकून कामाच्या माणसाचे नाव गेलेच, तर त्याच्या सज्जाला (तलाठ्याकडच्या गावांच्या गटाला) कुलूप. आदेशात ‘अतिरिक्त पदभार’ म्हणून शेजारच्या सज्जावाल्याचे नाव असते. त्याच्याकडे आधीच दोन सज्जे. डिजिटल सहीचा डोंगल ज्याच्या नावाचा, त्याच्याच खिशात. मग प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये फोन थरथरत राहतो : ‘‘साहेब, आमचा फेरफार कधी व्हायलाय?’’ पुढे पडद्यावर ‘प्रभावी संवाद’ चालू असतो आणि मागच्या रांगेत खाली वाकून, तोंडावर हात धरून खरा संवाद चालू असतो.

नेतृत्व विकासाचे एक तीन दिवसांचे प्रशिक्षण २०१९ साली माझ्या वाट्याला आले. जागा चांगली, जेवण चांगले. व्याख्याते कुठल्याशा कंपनीतून आलेले. पहिल्या दिवशी आम्हाला फुगे फुगवायला लावले, दुसऱ्या दिवशी कागदी पेल्यांचा मनोरा. पन्नाशी ओलांडलेले मंडळ अधिकारी गुडघ्यावर बसून पेल्यावर पेला ठेवत होते. हसलो आम्ही, नाही असे नाही. पण तीन दिवसांत मी जे शिकलो ते तिसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत. शेजारच्या जिल्ह्यातला एक मंडळ अधिकारी ताट हातात धरून सांगत होता की तो शेतरस्त्याची भांडणे कशी हाताळतो. अडवलेला जुना रस्ता असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५, आणि बांधावरून नवीन रस्ता मागितला असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३. हे आम्हा सगळ्यांना पाठ होते. तो सांगत होता ते वेगळेच. स्थळपाहणीची नोटीस काढण्याआधी तो एकदा संध्याकाळी, गडी-माणसे घरी आल्यावर, मोटारसायकलवर एकटाच जातो. दोन्ही घरी चहा घेतो. चहा एका घरी घेऊन दुसऱ्या घरी नाही म्हटले की प्रकरण तिथेच बिघडते. आणि रस्त्याबद्दल पहिल्या दिवशी एक शब्द काढत नाही, विहिरीला पाणी किती आहे तेवढे विचारतो. मी ताट तसेच धरून ऐकत उभा राहिलो, भात गार झाला. त्या माणसाला व्यासपीठावर बोलवावे असे आयोजकांच्या डोक्यातही आले नाही. तो प्रशिक्षणार्थी होता ना.

नेतृत्व हा शब्द मी नोकरीत फार उशिरा ऐकला. पण प्रकार काय असतो ते १९९३ सालीच पाहिले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, आदल्या दिवशीच्या गणपती विसर्जनाने थकून लोक झोपले असताना किल्लारी-सास्तूर पट्ट्यात जमीन हलली. मला दुसऱ्या दिवशी सास्तूरच्या बाजूच्या एका गावी पाठवले. हातात रजिस्टर, रकाने आखलेले : नाव, वय, मयत की जखमी. वय माझे अठ्ठावीस. पहिलीच बाई समोर आली, मी विचारले, ‘‘नाव?’’ ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारले. तेव्हा आमच्या बरोबरच्या जुन्या गिरदावरांनी (मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडची म्हातारी माणसे अजून गिरदावरच म्हणतात) माझ्या हातातले रजिस्टर काढून घेतले, ते खाली मातीत बसले आणि म्हणाले, ‘‘बाई, पाणी पिलीस का सकाळपासनं?’’ तिला पाणी दिले. मग नावे तिनेच सांगितली, एकेक करून, पाच. संध्याकाळी ते मला इतकेच म्हणाले, ‘‘आधी पाणी विचारावं, मग नाव.’’ माझ्या सेवापुस्तकात या प्रशिक्षणाची नोंद नाही.

त्या भूकंपाच्या वेळी लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी होते. केंद्र सरकारने मिशन कर्मयोगीला, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या योजनेला, २ सप्टेंबर २०२० रोजी मंजुरी दिली, पुढच्या वर्षी क्षमता बांधणी आयोग स्थापन झाला, आणि त्या आयोगाचे एक सदस्य म्हणून परदेशी साहेबांचेच नाव वाचले तेव्हा मला बरे वाटले होते. ढिगाऱ्यावर कारकून, तलाठी, कोतवाल काय करतात हे पाहिलेला माणूस देशाच्या प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्यांत आहे, असे वाटले. मिशन कर्मयोगीचा मूळ विचारही मला पटतो : नुसते नियम पाठ करून घेण्यापेक्षा ज्याची जी भूमिका आहे त्याला त्या भूमिकेचे शिकवा. पण दिल्लीतला विचार तालुक्याला पोचेपर्यंत त्याचा तक्ता होतो. ‘आयगॉट’ या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या सरकारी संकेतस्थळावर किती जणांची नोंदणी झाली, किती प्रमाणपत्रे निघाली, टक्केवारी किती, तालुका कितव्या क्रमांकावर. एका कार्यालयात मी स्वतः पाहिले : जेवणाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवलेला, आवाज बंद, व्हिडिओ चालू. कर्मचारी उत्पन्नाच्या दाखल्यांवर शिक्के मारतोय. व्हिडिओ संपला की प्रश्न येतात, त्यांची उत्तरे ग्रुपवर आधीच फिरलेली असतात. एक-ब, दोन-अ, तीन-ड. त्याला दोष द्यायला माझे मन धजत नाही. त्याच्यापुढे चाळीस माणसे उभी होती.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो.

२००६ साली मला मंडळ अधिकारी म्हणून पदोन्नती मिळाली. आदेश सोमवारी, पदभार बुधवारी, प्रशिक्षण आठ महिन्यांनी. या आठ महिन्यांत एका खरेदीखताचा फेरफार, म्हणजे जमीन नव्या मालकाच्या नावे लावण्याची नोंद, माझ्यापुढे आला. तीन एकर जमीन. नोटीस निघाली, पंधरा दिवस गेले, हरकत कोणाची नाही. सातबारावर इतर हक्काच्या रकान्यात पुसट अक्षरात ‘कु. का. ३८-ई’ (कुळकायदा, कलम ३८-ई) असे लिहिलेले होते. मी ते पाहिले. पाहिले नाही असे म्हणणार नाही. जुना, मेलेला शेरा समजून पुढे गेलो आणि नोंद प्रमाणित केली.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आम्ही निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळे झालो, पण जमिनीचे कायदे आमच्यासोबत वेगळेच आले. पश्चिम महाराष्ट्राचा कुळकायदा १९४८ चा, विदर्भाचा १९५८ चा, आमचा हैदराबादचा १९५० चा. आमच्याकडे संरक्षित कुळाला जमीन मिळाली ती कलम ३८-ई सारख्या कलमांखाली. अशी जमीन विकायची तर कलम ५०-ब प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागायची. त्या पुसट शेऱ्याचा अर्थ एवढाच होता : थांब, परवानगी बघ.

चार वर्षांनी घेणाऱ्याला शर्तभंगाची नोटीस आली. बैलजोडी आणि बायकोच्या अंगावरचे विकून त्याने ते तीन एकर घेतले होते. माझी तोवर बदली झाली होती, तरी पत्ता काढत आला. ओरडला असता तर सोपे गेले असते. खुर्चीच्या कडेवर बसला, पिशवीतून फेरफाराची नक्कल काढली, माझ्या सहीवर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘‘साहेब, तुम्हीच सही केलती ना? मग मी काय चुकलो?’’ मी त्याला चहा पाजला. दुसरे काय करणार होतो? २०१४ साली कायद्यात सुधारणा झाली, कुळाने जमीन घेऊन दहा वर्षे झाली असली की आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून परवानगीशिवाय विकता येऊ लागले. त्याचा व्यवहार आधीचा, त्यामुळे त्याचे हेलपाटे चालूच राहिले.

ते आठ महिन्यांनंतरचे प्रशिक्षणही मी केले. कुळकायद्याच्या तासाला आलेले सर उत्तम शिकवत होते. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ३२-ग ची किंमत ठरवणे, ३२-म चे प्रमाणपत्र, कलम ४३ ची बंदी. सगळे मुंबई कायद्याचे. मी हात वर करून विचारले, ‘‘सर, आमच्या ३८-ई चे काय?’’ ते म्हणाले, ‘‘तत्त्व तेच आहे.’’ तत्त्व तेच आहे हे खरे. पण शर्तभंगाची नोटीस तत्त्वाखाली निघत नाही, कलमाखाली निघते. हॉलमध्ये चाळीस मंडळ अधिकारी होतो, बहुतेक मराठवाड्यातले. त्यांच्यापैकी कितीजणांनी परत आल्यावर ३८-ई चा शेरा ओळखला असेल?

आणि हा एकच शेरा नाही. आमच्याकडे १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद) हा रोजच्या कामाचा कागद आहे. मदतमाश, खिदमतमाश (निर्वाहासाठी किंवा देवस्थानाच्या सेवेसाठी इनाम दिलेल्या) जमिनी आहेत, १९५४ चा हैदराबादचा इनाम रद्द करण्याचा कायदा आहे, मुंतखब नावाचा इनामाचा जुना दस्त दाखवत येणारी कुटुंबे आहेत. नवीन भरती झालेला मुलगा कोकणातला असो की आमच्याच गावचा, त्याला यातले काही माहीत नसते, आणि सांगणारा कोणी ठेवलेला नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यांतले अभिलेख कक्ष उघडले. मी निवृत्त होऊन चार महिने झाले होते. जुन्या कार्यालयातून फोन आला, ‘‘साहेब, जरा येऊन बघता का?’’ गेलो. टेबलावर लाल कापडात बांधलेले रुमाल (जुन्या कागदांचे गठ्ठे) सोडून ठेवलेले, आत उर्दू, थोडी मोडी. भोवती पाच-सहा पदवीधर पोरे हातमोजे घालून उभी. वाचता एकालाही येत नव्हते. मला तरी किती येते? नोकरीच्या सुरुवातीला उर्दू माध्यमात शिकलेल्या एका जुन्या कारकुनाने फावल्या वेळात अक्षरे आणि आकडे शिकवले होते, तेवढेच. पण ‘वल्द’ (अमक्याचा मुलगा) आणि ‘कौम’ (जात) हे दोन शब्द ओळखता आले तरी ओळ कुठून कुठे वाचायची ते कळते. मग एका निवृत्त उर्दू शिक्षकांना बोलावले. त्या पोरांपैकी एकाने तिसऱ्या दिवशी स्वतःहून वहीत अक्षरे उतरवायला घेतली. आठ दिवसांत तो आकडे वाचू लागला. त्याला हे येत नव्हते, कारण शिकवण्याची वेळच आली नव्हती. आता आली आहे, तर ती आरक्षणाच्या कामापुरती ठेवू नका. उद्या त्याच रुमालातून विहिरीचा हिस्सा आणि गायरानाची हद्द निघणार आहे.

पुण्याला बाणेर रस्त्यावर यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, तिला मी नावे ठेवणार नाही, तिथले ग्रंथालय पाहून मी हरखलो होतो. पण किनवट-माहूरच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला तिथे जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि तान्हे मूल असलेल्या बाईला तर नकोच वाटते. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरात कांचनवाडीला १९८० पासून वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) आहे. पाण्याचे आणि जमिनीचे शिक्षण ज्या मातीत वापरायचे त्याच मातीत द्यावे, हा विचार मराठवाड्यात तेव्हापासून आहे. मग महसुलाचे आणि ग्रामविकासाचे शिक्षण तालुक्याच्या अभिलेख कक्षात, चावडीत आणि एखाद्या भांडणाच्या बांधावर का होऊ नये? त्याला पडदा लागत नाही, पेले लागत नाहीत.

राज्याचे प्रशिक्षण धोरण २०११ पासून आहे. नोकरीत लागताना, पदोन्नती मिळताना आणि मधूनमधून प्रशिक्षण व्हावे, हे त्यात आहे. मला नवीन धोरण नको आहे. मला आपल्या आदेशात दोन ओळी जास्त हव्यात.

पहिली ओळ, प्रशिक्षणाला जाणाऱ्याच्या नावापुढे त्याचा पदभार त्या दिवसांत कोण सांभाळणार त्याचे नाव, आणि ज्याच्याकडे आधीच दोन सज्जे आहेत त्याचे नाव चालणार नाही असा शेरा. ही ओळ लिहायची सक्ती झाली की ‘कोण रिकामं आहे’ हा प्रश्न आपोआप बंद होईल, कारण मग साहेबाला कामाचे टेबल कोणते आणि ते कसे झाकायचे याचा विचार करावा लागेल. दुसरी ओळ पदोन्नतीच्या आदेशात : पदभार घेण्यापूर्वी पंधरा दिवस याच जिल्ह्यातल्या अमुक अनुभवी अधिकाऱ्यासोबत काम करावे. आठ महिन्यांनी नव्हे, पूर्वी. माझे ३८-ई त्या पंधरा दिवसांत सुटले असते.

नेतृत्व विकास फक्त वर्ग एकच्या अधिकाऱ्यांसाठी आणि वर्ग तीनला संगणक, ही वाटणीही एकदा तपासून पाहा. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या भागात नद्यांनी शेते धुऊन नेली, तेव्हा गावात सरकार म्हणून कोण उभे होते? आमच्या गावची ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठी), नोकरीला लागून फार दिवस न झालेली पोरगी. ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे दीडशे माणसे जमली होती, तिला घेरून. मदतीसाठी तेहतीस टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान कोणाचे धरणार, कोणाचे नाही, यावरून आवाज चढले होते. तिने फोन खिशात ठेवला, एका म्हाताऱ्याच्या शेतात चिखलात उतरली आणि त्यालाच मोठ्याने विचारत गेली, किती ओळी उभ्या, किती आडव्या. बाकीचे मागे मागे गेले. मग वळून म्हणाली, ज्यांची मातीच वाहून गेली त्यांनी वेगळे उभे राहा, तुमचा पंचनामा खरडून गेलेल्या जमिनीचा, तो पिकाच्या पंचनाम्यात घालू नका, नुकसान तुमचेच होईल. गर्दी दोन भागांत झाली आणि आवाज निम्मा झाला. मी नंतर तिला विचारले, हे कोणत्या प्रशिक्षणात सांगितले? म्हणाली, ‘‘काका, कोतवाल मामांनी सांगितलं. आदल्या रात्री.’’

त्या कोतवालाला व्याख्याता म्हणून बोलावता येईल असा रकाना आपल्या मानधनाच्या तक्त्यात आहे का? शैक्षणिक अर्हता, अनुभव प्रमाणपत्र, पॅन क्रमांक यात तो कुठे बसतो ते पाहावे. बसत नसेल तर रकाना वाढवावा.

प्रशिक्षणाच्या शेवटी आपण अभिप्रायाचा फॉर्म भरून घेता. निवास कसा होता, भोजन कसे होते, व्याख्याते कसे होते. मी अकराही वेळा ‘उत्कृष्ट’ वर खूण केली आहे, सगळेच करतात, बस सुटायची असते. त्याऐवजी सहा महिन्यांनी एक पोस्टकार्ड पाठवा आणि एकच विचारा : या सहा महिन्यांत तुम्ही अशी कोणती फाईल थांबवली किंवा सोडवली, जी प्रशिक्षणाआधी तशी हाताळली नसती? कोरी पोस्टकार्डे किती येतात ते मोजा. त्या आकड्याचा तक्ता करायला माझी हरकत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर मी दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, तालुक्याला येतोच. अकरा ते एक अभिलेख कक्षात बसायला तयार आहे. मानधन नको, चहा पाजा. उर्दू शिक्षकही येतो म्हणाले आहेत. दोन पोरे पाठवा, जी खरोखर जमिनीचे टेबल सांभाळतात अशी. खासरा पत्रक, ३८-ई आणि रुमालातले आकडे, तीन मंगळवारांत होईल. फक्त त्या दोन तासांत त्यांच्या टेबलावर कोण बसणार, ते आदेशात लिहून पाठवा.

आपला,
एक निवृत्त नायब तहसीलदार
जि. धाराशिव